दाखल्यावरची आई

कारा-बुलाक, ११ मार्च २००४

कुबात,

तुमच्या वकिली कार्यालयाचं पत्रक मिळालं. ‘आमच्या पक्षकारांसाठी: रोजचे कायदे सोप्या भाषेत, भाग सात.’ खाली तुझं नाव छापलंय म्हणून तुझ्या आईने, माझ्या मावशीने, कौतुकाने साऱ्या नातलगांना एकेक पाठवलं आहे. आमच्या गल्लीत तीन आली. शेजारणीने आपल्या पत्रकावर पातेलं ठेवलं, मी मात्र तीनदा वाचलं. तुला ठाऊक आहे, गावचं वाचनालय बंद करून दुकान थाटलं तेव्हा मी बटाट्याच्या दोन पोत्यांतून पुस्तकं घरी आणली होती. तेव्हापासून हाताला लागेल ते वाचते, पाकिटावरचं छापीलसुद्धा.

तिसऱ्या पानावर तू लिहितोस: ‘मुलाची आई कोण हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. जन्मनोंदीत आई म्हणून जिचं नाव आहे, ती आई.’

हे तू लिहिलंस? मला ‘एजे’, म्हणजे ताई, म्हणत माझ्या पाठुंगळीवर बसून माझा सदरा भिजवणारा तू, आता मला आई कोण ते शिकवतोस?

माझी चिनारा कुणाची, हे तुला माहीत आहे. तरी अनोळखी वकिलाला सांगावं तसं सांगते, म्हणजे ‘सहसा उद्भवत नाही’ याचा अर्थ तुला कळेल. मी लग्न होऊन या घरात आले आणि वर्षभरात मला मुलगी झाली. पहिलं मूल सासूच्या मांडीवर द्यायचं, ही आपली रीत. मी दिलं. चाळिसाव्या दिवशी पाळणा त्यांच्या खोलीत गेला. तशी ती एकाच अंगणात वाढली, माझ्याच चुलीवरचं खाऊन. पण सासूबाईंना ती ‘अपा’ म्हणायची, म्हणजे आई, आणि मला ‘जेने’. भावाची बायको. माझा तुर्दुबेक तिचा बाप, तर त्याला ती दादा म्हणायची. रीतच तशी, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मलाही वाटत नाही असं मी म्हणत राहिले. जन्मदाखल्यावरही आई म्हणून सासूबाईंचंच नाव.

आता बघ काय झालं ते. सासरे कधीच गेले. तुर्दुबेकला जाऊन दोन वर्षं झाली. सासूबाई या फेब्रुवारीत गेल्या. म्हणजे कागदावर माझी मुलगी अनाथ झाली, मी जिवंत असताना! आणि कागदावरचा तिचा सर्वांत मोठा भाऊ, माझे थोरले दीर, जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन तिचे पालक होऊन आले. शाळा सुटली की जूनमध्ये ते तिला कारा-बाल्ताला नेणार. त्यांच्या बायकोचे गुडघे गेले आहेत, घरात तीन लहान मुलं, बाजारात कापडाचा गाळा. ‘शाळा तिथेही आहे,’ म्हणाले. शाळा तर चंद्रावरही असेल. पंधरा वर्षांची पोर, तिला डॉक्टरकीच्या परीक्षेला बसायचंय.

सुनेने सासरच्या थोरल्यांचं नाव घेऊ नये म्हणतात. सतरा वर्षं मी घेतलं नाही. आज घेते. मामित. मामित, मामित. लिहिलं एकदाचं.

आता पत्रकाचा भाग आठ लिही आणि मला सांग, मी कोण.

बुरुल


बिश्केक, २५ मार्च २००४

बुरुल एजे,

ताईने रागावलेलं पत्र पाठवलं म्हणजे ताई बरी आहे, असं आई म्हणाली. भाग सात आमच्या वरिष्ठांना फार आवडला होता. तुमचं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही.

ते वाक्य कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे, एजे, आणि तुमच्या बाबतीत ते निर्दय आहे. दोन्ही खरं. आता कामाचं बोलतो.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. पहिला लांबचा. न्यायालयात मातृत्व सिद्ध करण्याचा दावा लावायचा, जुनी नोंद रद्द करून घ्यायची, नवी करायची. त्याला पुरावे लागतात: बाळंतपणाची कागदपत्रं, साक्षीदार, दोघींच्या रक्ताची तपासणी. ती तपासणी इथे होत नाही, परदेशी पाठवावी लागते. शिवाय अल्पवयीन मुलीच्या तपासणीला पालकाची संमती हवी, आणि पालक कोण, तर मामित-आके. ते नाही म्हणाले तर आधी त्याच्यावर भांडण. वर्ष जाईल, कदाचित दोन. तोवर मुलगी पालकाकडे राहील.

दुसरा रस्ता जवळचा. आई आहोत हे सिद्ध करत बसायचं नाही. फक्त पालक बदलून घ्यायचा. मूल दहा वर्षांच्या पुढचं असेल तर त्याला विचारल्याशिवाय पालक नेमता येत नाही. चिनाराला कुणी विचारलं होतं का? नसेल विचारलं, तर ती नेमणूक कच्ची आहे. चिनाराने स्वतः अर्ज करायचा की मला बुरुलकडे राहायचं आहे. तुम्ही मृत भावाची पत्नी, एकाच घरात राहणाऱ्या, म्हणजे जवळच्या नातलग. तुम्हाला पालक नेमता येईल. महिना-दोन महिन्यांचं काम.

मी दुसरा सुचवतो.

तीन गोष्टी लिहून कळवा. बाळंतपण कुठे झालं? नोंदणीचा अर्ज कुणी भरला? आणि आईच्या जागी सासूबाईंचं नाव घालायचं कुणी ठरवलं? रीत मूल मांडीवर द्यायला सांगते. कागद बदलायला सांगत नाही. माझ्या मोठ्या भावाला आजीने वाढवलं, पण दाखल्यावर माझ्या आईचंच नाव आहे.

तुमचा,
कुबात


कारा-बुलाक, १२ एप्रिल २००४

कुबात,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. बाळंतपण गावच्या दवाखान्यात, दाईच्या हातून. दाई वारली. दवाखान्याचे कागद छप्पर गळून कुजले. अर्ज कुणी भरला ते आठवत नाही, दाईनेच भरला असेल. नाव कुणी ठरवलं, हा काय प्रश्न झाला? घरात ठरवणारं माणूस एकच होतं.

चिनाराला विचारलं. ती म्हणाली, “अपाच्या सातव्या दिवशी थोरल्या दादांनी एक कागद पुढे केला. म्हणाले, खर्चाच्या मदतीचा आहे, इथे सही कर.” मी म्हटलं, “वाचलास का?” तर म्हणते, “जेने, घर भरून पाहुणे होते, मी चहा ओतत होते.” माझ्या घरात दोन पोती पुस्तकं, आणि पोरीने न वाचता सही केली! रागाने मी तिलाच बोलले. तिच्यावर कशाला रागवायचं होतं? पण मामित समोर नव्हता.

आता तुझा जवळचा रस्ता. तो तुझा तुला लखलाभ.

मी माझ्या पोटच्या मुलीची पालक होऊ? ‘मृत भावाची पत्नी’ म्हणून? असल्या सहीपेक्षा माझा हात मोडलेला बरा. तू शहरात राहतोस, तुला हे नुसतं शब्दांचं वाटत असेल. तुला एक सांगते, मग बोल.

तुर्दुबेक खिंडीतल्या रस्त्यावर बर्फ हटवायच्या गाडीवर होता, हे तुला माहीत आहे. बर्फाचा कडा खाली आला. तीन दिवसांनी त्याला घरी आणलं. अंगणात तंबू उभारला. आम्ही बायका आत भिंतीकडे तोंड करून रडायला बसलो, रीतीप्रमाणे. मी बायको म्हणून पुढे. बहिणी एका बाजूला. मुलगी बापासाठी रडते ते वेगळं आणि बहीण भावासाठी रडते ते वेगळं. शब्द वेगळे, चाल वेगळी. तेरा वर्षांची चिनारा बहिणींच्या रांगेत बसली आणि “दादा, माझ्या दादा” म्हणून रडली. माझ्यापासून चार हात लांब. स्वतःच्या बापाला. मी मान वळवून बघितलंही नाही, कारण बायकोने भिंतीवरची नजर काढायची नसते.

बाहेर चाळीस माणसं उभी होती. एकालाही लाज वाटली नाही. मलासुद्धा नाही. मला लाज वाटली ती महिन्याभराने, गाईचं दूध काढताना, आणि तेव्हापासून गेलेली नाही. तिला बापासाठी मुलीसारखं रडता आलं नाही, कारण एका कागदावर दुसरं लिहिलं होतं. आणि आता तू सांगतोस की आणखी एका कागदावर मीही तेच लिहू.

लांबचा रस्ता धर. तारीख घे. मी येते.

बुरुल


बिश्केक, १४ मे २००४

एजे,

हे पत्र मी दोनदा फाडलं. हे तिसरं.

लांबच्या रस्त्याला मूळ नोंद लागते, म्हणून मी प्रांताच्या दफ्तरखान्यातून जन्मनोंदीच्या अर्जाची प्रत काढली. तिच्या पाठीला दुसरा एक कागद टाचलेला निघाला. जुन्या राजवटीत दहा मुलं वाढवणाऱ्या बाईला सरकार ‘माता-वीर’ हा किताब आणि छातीवर लावायला सोन्याचा तारा द्यायचं, ते तुम्हाला आठवत असेल. तुमच्या सासूबाईंना, सोनुन-अपांना, नऊ मुलं होती. चिनाराची नोंद दहावी. चिनारा एक वर्षाची झाली त्याच आठवड्यात किताबासाठी अर्ज गेलेला आहे. तारा मिळाल्याची पोचही आहे.

म्हणजे आईचं नाव बदललं ते रीतीमुळे नव्हे. ताऱ्यासाठी.

आणि एजे, तो जन्मनोंदीचा अर्ज दाईने भरलेला नाही. गेले दोन महिने मी तुमची पत्रं वाचतो आहे. अक्षर तुमचं आहे.

मी हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. मामित-आकेंचा वकील हा कागद माझ्याइतक्याच सहज काढू शकतो. न्यायाधीशांसमोर तो तुम्हाला उभं करील आणि विचारील, “हे कुणी लिहिलं?” सोळा वर्षांनी त्यावर शिक्षा होणार नाही, त्याची मुदत संपली. पण तोपर्यंत तुम्ही ‘दाईने भरला असेल’ असं म्हटलेलं असलं, तर पुढचं तुमचं एकही वाक्य कुणी खरं धरणार नाही. वकिलाशी खोटं बोलणं म्हणजे डॉक्टरला दुसरीच जागा दाखवणं.

काय झालं होतं ते सांगा. मला सांगा, आधी.

कुबात


कारा-बुलाक, २७ मे २००४

कुबात,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सगळं अंगण झाडलं, मग गोठा, मग पुन्हा अंगण. चिनाराच्या पाठची माझी धाकटी दोघं घाबरून आजोळी जातो म्हणाली.

हो. मी लिहिलं.

मी वीस वर्षांची होते. या घरात येऊन वर्ष झालेलं. नव्या सुनेने बोलायचं नाही, सगळ्यांच्या आधी उठायचं, सगळ्यांच्या मागून बसायचं. मला वाचनाचं वेड आहे हे घरात कुणाला ठाऊकही नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कौतुक नव्हतं. दाईने कोरा अर्ज आणून दिला, म्हणाली, “रशियनमध्ये भरायचाय, नीट अक्षरात.” सासरे लिहायला बसले, दोनदा चुकले. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आमच्या सुनेकडे द्या. तिचं अक्षर मी डब्यावर बघितलंय, मोत्यासारखं आहे.”

कुबात, वर्षभरात त्या घरात माझ्याबद्दल कुणी उच्चारलेलं ते पहिलं चांगलं वाक्य होतं.

मला समोर बसवलं. सासूबाईंनी स्वतः माझ्या पुढ्यात चहा ठेवला. मूल त्यांच्या मांडीवर. म्हणाल्या, “आईच्या जागी माझं नाव घाल गं. कागदच तर आहे. दहा होतील, तारा मिळेल. मूल सगळ्यांचंच आहे.” मला ताऱ्याचं सगळं माहीत होतं. माझी कुणी फसवणूक केली नाही. जे नाव मला तोंडाने घ्यायची बंदी होती, ते मी नीट, एकही खाडाखोड न करता लिहिलं. लिहून झाल्यावर सासऱ्यांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, “छापल्यासारखं!” मी खूश झाले. तुला कळतंय का? खूश झाले.

तुर्दुबेक तेव्हा घरी नव्हता. तिसऱ्या दिवशी आला. मी त्याला सांगितलं. मग एवढंच म्हणाला, “मला विचारायचं होतंस.” पुढची चौदा वर्षं तो त्यावर एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. आता तो गेला, आता कुणाशी भांडू?

तारा पेटीत आहे. सासूबाई फक्त सणाला लावायच्या. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या. चिनाराला गोवर आला तेव्हा अकरा दिवस त्यांनी तिला अंगावरून खाली ठेवलं नाही, मला नाही जमलं असतं तसं त्यांनी केलं. म्हणून तर संताप कुठे काढावा कळत नाही. मामितवर काढते, तो पुरतो. सरकारवर काढते, की ज्याने बाईची मुलं मेंढरांसारखी मोजून छातीवर बिल्ला लावला. ते सरकारही आता नाही. माझ्यावर काढायला मात्र मी रोज हजर आहे.

हे सगळं न्यायाधीशासमोर सांगावं लागलं तर सांगेन. मुलीसमोर सांगायची मला हिंमत नाही. तिला वाटतं, मी रीतीने तिला दिली. कुणी स्तुती केली म्हणून दिली, हे तिला कसं सांगू?

बुरुल


कारा-बुलाक, १९ जून २००४

कुबात,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते. तो तिला घेऊन गेला.

पाच तारखेला मामित गाडी घेऊन आला. मी दारात उभी राहिले. म्हणाला, “बाजूला हो, सूनबाई.” मी म्हटलं, “मुलीला विचारलं का?” त्याने खिशातून कचेरीचा कागद काढला, शिक्का दाखवला. “तू तर वाचणारी बाई. वाच.” मी वाचला. त्यात खरंच तसंच लिहिलं होतं. कचेरीतला माणूस, गावप्रमुख, शेजारी, सगळ्यांना माहीत आहे ती कुणाची. सगळे बघत राहिले. शेजारीण तेवढी म्हणाली, “अरे मामित, देवाला तरी भी.” तर म्हणाला, “देवाला कागद लागत नाही, मावशी, कचेरीला लागतो.” आणि लोक हसले. हसले, कुबात.

दहा दिवसांनी मी कारा-बाल्ताला गेले. बाजारात गाळ्याच्या मागे चिनारा कापडाचं ठाण उचलत होती. पाठीला मामितचा धाकटा बांधलेला. तिने मला बघितलं. नुसतं ठाण खाली ठेवलं आणि माझ्या बाहीचं टोक धरलं, लहानपणी धरायची तसं.

तेवढ्यात मामित आला. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, “सून म्हणून आली असशील तर ये, चहा पी. आई म्हणून आली असशील तर कागद दाखव.”

मी चहा न पिता परत आले. चिनाराने बाही सोडली नाही, मामितच्या हाकेवर मी स्वतः तिची बोटं सोडवली. वकील आहेस ना? मग सांग, यासाठी कोणतं कलम आहे?

बुरुल


बिश्केक, ८ जुलै २००४

एजे,

कलम नाही. म्हणून मी स्वतः गेलो. कारा-बाल्ता इथून दीड तासावर आहे. कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणून तीन वेळा गाळ्यावर गेलो. माझ्याकडे आता न लागणारं बरंच कापड आहे. आई विचारते, लग्न ठरलं की काय.

माझी एक चूक कबूल करतो. मला वाटलं होतं की चिनाराला एवढंच हवं असेल, तुमची मुलगी म्हणून कुणीतरी तिला मान्य करावं. म्हणून मी तिला लांबच्या रस्त्याबद्दल सांगितलं. म्हटलं, “न्यायालयात तुला सांगावं लागेल की सोनुन-अपा तुझी आई नव्हती.” तिने कात्री खाली ठेवली. म्हणाली, “मामा, मला कुणी जन्म दिला ते मला सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. शाळेतल्या पोरींनी सांगितलं होतं. पण जी परवा गेली ती माझी आई नव्हती असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तिच्या वर्षाच्या जेवणाची पानंही अजून वाढली नाहीत.”

मग म्हणाली, “मला घरी जाता येईल असा कागद कोणता, तेवढा सांगा.”

मी जवळचा रस्ता सांगितला. तिने तिथेच, कापड गुंडाळायच्या कागदावर, स्वतः अर्ज लिहिला: आपल्याला विचारलं गेलं नव्हतं, सही दुसऱ्या कामाची म्हणून घेतली, आपल्याला बुरुलकडे राहायचं आहे. नंतर चांगल्या कागदावर उतरवून मी तो जिल्ह्याच्या कचेरीत नोंदवला. सुनावणी २० ऑगस्टला आहे. मामित-आकेंनाही बोलावणं गेलं आहे.

आता नीट ऐका. त्या खोलीत तुम्हाला विचारतील, मुलीशी तुमचं नातं काय. तुम्ही ‘आई’ म्हणालात, तर दाखला आणि तुमचं म्हणणं जुळणार नाही. कचेरी हात वर करील, प्रकरण न्यायालयात जाईल, आणि निकाल लागेपर्यंत चिनारा त्या गाळ्यावर राहील. तुम्ही ‘जेने’ म्हणालात, तर ती त्याच दिवशी तुमच्यासोबत घरी येईल.

हे मी तुम्हाला सांगावं याची मला लाज वाटते. तरी सांगतो. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, त्या खोलीत नको.

अर्जाबद्दलचं, म्हणजे तुमच्या अक्षराचं, मी तिला सांगितलेलं नाही. ते तुमचं आहे.

कुबात


कारा-बुलाक, २३ ऑगस्ट २००४

कुबात,

तू कामामुळे येऊ शकला नाहीस, म्हणून सगळं लिहिते.

खोलीत टेबलामागे एक बाई होती, माझ्याच वयाची, चष्मेवाली. मामित आपल्या साडूला घेऊन आला होता, मोठ्याने बोलायला. साडू सुरू झाला, “ही विधवा बाई. उद्या दुसरा नवरा करील, मग पोर कुठे जाणार? भावाच्या घरात तिला काय कमी आहे?” बाईंनी विचारलं, “मुलीचं नाव शाळेत घातलंय का तिथे?” मामित म्हणाला, “घालणार आहोत.” बाई म्हणाल्या, “कधी? तिचं लग्न लावून दिल्यावर?” साडू खाली बसला.

मग चिनाराला उभं केलं. तिचे हात खरबरीत झालेत, कापडाच्या रंगाने नखं निळी. तिने सगळं नीट सांगितलं, न रडता. सहीचं सांगितलं तेव्हा मामितकडे बघून सांगितलं. तो म्हणाला, “पोरीला पढवलंय.” ती म्हणाली, “हो दादा, शाळेत पढवत होते. तुम्ही काढलंत.” खोलीबाहेर दाराशी उभे असलेले लोक हसले. या वेळी त्याला.

मग बाईंनी चष्मा काढून मला विचारलं, “मुलीशी तुमचं नातं?”

त्यांना माहीत होतं, कुबात. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मामितला माहीत होतं, साडूला, दारातल्या सगळ्यांना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि चिनाराही बघत होती. मामित हसत होता, कारण त्याला वाटलं मी ते बोलणार आणि तो जिंकणार. माझ्या रागाला तो चांगला ओळखून आहे.

मी म्हटलं, “जेने.”

बाईंनी लिहून घेतलं. मी पालक म्हणून सही केली. मामित निघून गेला, साडू त्याच्या मागे. पाच मिनिटांत झालं.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. मला वाटत होतं, मी बरोबर केलं. तुझं ऐकलं. मुलगी शेजारी आहे, घरी चालली आहे. वाटेतल्या तलावापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग खिडकीकडे बघतच म्हणाली, “तुम्ही बोलला नाहीत.”

मी म्हटलं, “अगं, बोलले असते तर तू आज इथे नसतीस. मामाने सांगितलं होतं.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “मीच मामाला सांगितलं होतं की मला तेवढाच कागद हवा. तरी वाटलं होतं, तुम्ही ऐकणार नाही. तुम्ही कधी कुणाचं ऐकता? मी उभी राहून वाट बघत होते.”

मग मी तिला सगळं सांगितलं. कोरा अर्ज, चहाचा पेला, मोत्यासारखं अक्षर, उजेडात धरलेला कागद, मी खूश झाले ते. गाडीत सात माणसं होती, ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. मला वाटलं, ही आता गाडीतून उतरेल. तिने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, “म्हणजे दोनदा. तेव्हा एकदा आणि आज एकदा.”

“हो,” मी म्हटलं. “दोनदा.”

ती रागावलेली आहे. घरी येऊन तीन दिवस झाले, कामापुरतं बोलते. धाकट्या दोघांशी हसते, माझ्याशी नाही. परवा तिचा राग बघून मला कळलं की माझा सगळा राग चुकीच्या दिशेला चालला होता. मी आयुष्यभर कागदाशी भांडायला निघाले होते. भांडण्याचा हक्क तिचा होता, आणि तिने तो बजावला.

काल संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात आली. म्हणाली, “अपाची वर्षाची पानं फेब्रुवारीत आहेत. ती होऊ द्या. तोवर मी काही म्हणणार नाही. त्यानंतर मामाला लिहा. न्यायालयात मी येईन. अपाने मला वाढवलं हे मी सांगेन आणि तुम्ही मला जन्म दिला हेही सांगेन, आणि ज्याला दोन्ही लिहून घेता येत नसेल त्याने लेखणी खाली ठेवावी. पण या वेळी आधी तुम्ही बोलायचं. मी नंतर.”

म्हणून लिहिते. आता पालक मी आहे, तेव्हा रक्ताच्या तपासणीला संमती माझीच लागेल, हे तू मला आधी का सांगितलं नाहीस, की सांगितलं होतंस आणि मी रागात वाचलं नाही? मार्चमध्ये दावा दाखल कर. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव माझं घाल. समोरच्या वकिलाने विचारण्याआधीच मी सांगणार आहे की तो अर्ज कुणी लिहिला.

बुरुल